पौर्णिमेचा नको, अष्टमीचा शनिवार-रविवार धरा

बोरिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरात पाच माणसं: त्या स्वतः, यजमान, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. चांदणं मिळेल म्हणून जानेवारीतल्या पौर्णिमेला लागून येणारा शनिवार-रविवार ठरवलाय. एक दिवस बोटिंग, एक दिवस कयाकिंग. पोहता फक्त यजमानांना येतं, तेही सोसायटीच्या स्विमिंग पूलपुरतं. मुंबईच्या आसपास कुठे जावं, धाकट्याला कयाकमध्ये बसवावं का, आणि ऑनलाइन मिळणारा हवा भरायचा कयाक घेतला तर भाडं वाचेल का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, जागेचं नंतर बघू. आधी तारीख बदला. पौर्णिमेचं चांदणं गच्चीवरून झकास दिसतं, पण न पोहणाऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन खाडीत उतरायला पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस महिन्यातले सगळ्यात गैरसोयीचे. कारणं दोन: पाण्याची ओढ आणि घड्याळ.

घड्याळाचं आधी सांगतो. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर एक जुना तोंडी हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आगेमागे धरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच. पण घरी कॅलेंडरसमोर उभं राहून बेत आखायला हा हिशोब पुरतो.

आता पौर्णिमेचा दिवस मांडून बघा. दुपारी बाराला भरती, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. तुम्ही आवरून आठ-साडेआठला काठावर पोहोचणार, तेव्हा पाणी ऐन जोरात चढत असणार. बाराला ते थांबेल, तर ऊन डोक्यावर आणि समुद्रावरून वारा सुटायला लागलेला. आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, त्या संध्याकाळी पाच वाजता खाडीत पाणीच नाही. काठापासून पाण्यापर्यंत नुसता गाळ. त्यातून कयाक ओढत नेणं हा मोठ्या माणसालाही दम काढणारा प्रकार आहे.

ओढीचं गणित याहून महत्त्वाचं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण साडेतीन ते चार मीटरचा फरक असतो. अष्टमी-नवमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीला तोच फरक दीड मीटरच्या आसपास येतो. वेळ मात्र तेवढाच, सहा तास. शिवाय पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे उधाणाला मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळजवळ ९० सेंटिमीटर चढतं किंवा उतरतं, भांगात जेमतेम ३५-४०. हे सगळं पाणी खाडीच्या अरुंद तोंडातूनच आत-बाहेर करतं. नवशिक्या माणसाचा कयाक ताशी तीन-चार किलोमीटरने जातो, आणि तोही हात ताजे असताना. उधाणाच्या ऐन ओहोटीत खाडीच्या मुखाशी पाणी तेवढ्याच वेगाने बाहेर पळू शकतं. तुम्ही जीव तोडून वल्हवताय आणि काठावरचं तेच झाड समोरून हलत नाही, अशी वेळ येते. पोरांचा धीर तिथे सुटतो.

म्हणून अष्टमीला शनिवार आणि नवमीला रविवार येईल असा आठवडा निवडा. शुक्ल असो की कृष्ण, पाण्याला फरक पडत नाही. एक-दोन तिथी पुढे-मागे झाली तरी हरकत नाही, भांगाचा परिणाम दशमीपर्यंत टिकतो. शुक्ल पक्षातली अष्टमी मिळाली तर संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर असेलच, चांदण्याची हौसही थोडी भागेल.

त्या रविवारी भरती पावणेसातच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. ओहोटी दुपारी साडेबारा-एकला. मग सकाळ की संध्याकाळ? बरेच जण डोळे झाकून सकाळ सांगतील, कारण वारा नसतो आणि पाणी आरशासारखं असतं. तुमच्या कुटुंबाला मी संध्याकाळ सांगेन. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सकाळी सातनंतर ओहोटीही सुरू झालेली. म्हणजे वारा आणि पाणी, दोघंही तुम्हाला समुद्राकडे ढकलणार. हळूच ढकलतात, म्हणून कळतही नाही. काठाजवळ पाणी शांत दिसतं, कारण तिथे जमिनीची आणि झाडांची आड असते. शंभर-दोनशे मीटर बाहेर गेल्यावर वारा पाठीला लागतो आणि परत फिरताना तोच तोंडावर येतो.

संध्याकाळी उलट. चार-साडेचारला भरती चढत असते, तीही भांगाची, मवाळ. वारा समुद्राकडून जमिनीकडे. कोणाचे हात थकले, कोणाचं वल्हं सुटलं, तरी कयाक सरकणार तो खाडीच्या आत. चुकलात तर तिवरांत जाऊन अडकाल, अरबी समुद्रात नाही. नवशिक्यांची वेळ निवडताना मी एवढंच बघतो, की काहीच केलं नाही तर पाणी आणि वारा आपल्याला कुठे नेऊन सोडतील.

एक अडचण आहे. खारा वारा दुपारी दोन-तीनच्या सुमारास सगळ्यात जोरात असतो आणि सूर्य कलताना मंदावतो. काही दिवशी साडेचारलाही बऱ्यापैकी वाहतो. हवामानाच्या अ‍ॅपवर ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वारा दिसत असेल, किंवा पाण्यावर ठिकठिकाणी पांढरे तुरे फुटताना दिसले, तर मुलांना घेऊन उतरायचं नाही. पाऊण तास थांबा, चहा प्या, पुन्हा बघा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यासाठी लाटांचे इशारे देते, तेही आदल्या दिवशी बघून ठेवा. कधीकधी लांब दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातल्या वादळाची फुग इथवर येते आणि इथे आभाळ निरभ्र असताना लाटा मोठ्या असतात. एप्रिल-मेमध्ये हे जास्त, जानेवारीत सहसा नाही.

आता जागा. तुम्ही बोरिवलीच्या, तेव्हा मनोरीची खाडी तुमच्या दारातच आहे. मार्वेहून पलीकडे मनोरीला लाँच जाते, गोराईलाही बोटीने जाता येतं, आणि या पट्ट्यात कयाक भाड्याने देणारेही सापडतात. दुसरा पर्याय अलिबागच्या बाजूचा. मुक्काम करायचा असेल तर तो चांगला, पण तिथेही कयाकसाठी खाडी धरा, उघडा किनारा नको. खाडीच्या नावापेक्षा हे लक्षात ठेवा, की दोन्ही बाजूंना काठ दिसत असेल असंच पाणी तुमच्यासाठी योग्य.

रविवारचा माझा आराखडा असा. चारला पोहोचा, अर्धा तास काठावर शिकण्यात घालवा. साडेचारला पाण्यात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं वाऱ्याच्या तोंडावर जा, हात ताजे असतात तेव्हा. पण खाडीच्या मुखापासून भरपूर अलीकडेच थांबायचं. तिथून वळलात की वारा आणि भरती दोन्ही पाठीवर, परतीचा प्रवास निम्म्या कष्टात. सव्वापाचला काठावर. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, उजेडात बाहेर यायला वेळ उरतो. पोरं म्हणतील अजून थोडं, ऐकू नका. सात वर्षांच्या मुलाचा उत्साह पाण्यात चाळीस-पन्नास मिनिटं टिकतो. पुढे त्याला थंडी वाजते, भूक लागते, आणि मग तो कयाकमध्ये उभा राहतो.

खाडीत सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे कोळ्यांची जाळी. डोल जाळं म्हणजे भलंमोठं पिशवीसारखं जाळं, वाहत्या पाण्याकडे तोंड करून खुंटांना नाहीतर दोरांना बांधलेलं. ओढीबरोबर मासळी आपोआप आत जाते. वरून दिसतात ते फक्त खुंट, तरंगते बोये आणि पाण्याला टेकलेला दोर. कयाक आडवा होऊन त्या दोरावर गेला की पाणी त्याला तिथेच दाबून धरतं, आणि घाबरून माणूस ओढीच्या उलट बाजूला कलतो. तिथेच कयाक उलटतो. अडकलातच तर दोराच्या बाजूला कला, त्याला हाताने धरा आणि हळूहळू सरकत टोकाला या. पण मुळात खुंट दिसले की त्यांच्या वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडून, जवळ जायचं नाही. लांबून वळसा. ते जाळं कोणाचं तरी पोट आहे, वल्ह्याने उचलून बघायची गोष्ट नाही. समोरून मासेमारीची होडी आली तर बाजूला आपणच व्हायचं. नाखव्याला कयाक दिसेलच असं धरून चालू नका.

काठाची माती हा वेगळाच विषय. अनवाणी उतरू देऊ नका कोणाला. खडकांवर आणि जुन्या खांबांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार. या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, त्यामुळे कापलं तर जखम तिथल्या तिथे गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, खोल असेल तर डॉक्टर. उथळ वाळूत पाकट, म्हणजे काटेरी शेपटीचा चपटा मासा, पडून असतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना पाकटांनी डंख केले होते. पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून फरफटत न्या. चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो. डंख झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

भीती घालतोय असं वाटू देऊ नका, कारण याच काठावर मुलांना खरा खजिना सापडतो. तिवरांच्या खाली चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दिसतील. खाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्यांतून श्वास घेतं. पाण्याच्या कडेला गप्प बसून राहा. दोन मिनिटांत निवटे बाहेर येतात. मासा आहे, पण चिखलावर कल्ल्यांशेजारच्या परांवर रेलून चालतो, डोळे डोक्याच्या वर, आणि दुसरा निवटा हद्दीत आला की पाठीवरचा पर ताठ करून दाखवतो. मुलीला हे दाखवा. पुढचा आठवडाभर ती कयाकबद्दल नाही, निवट्याबद्दलच बोलेल. वल्हं मात्र त्या मुळांत खुपसू नका, आणि डहाळी धरून कयाक थांबवू नका.

आता शनिवार, सासूबाईंसकट. त्यांना कयाकमध्ये बसवायचा हट्ट करू नका, पण काठावर पिशव्या सांभाळायलाही ठेवू नका. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवणारी बोट सुटते. या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोट मोठी, बसायला बाकं, वेग कमी. फेऱ्यांची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी बुकिंग करा. हिवाळा हा पक्ष्यांचाच हंगाम, दुर्बीण असेल तर घ्या.

दुसरा पर्याय भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट. साधारण तासाभराचा प्रवास, गाडीसह जाता येतं, आणि बंदरात नांगरलेली मोठी जहाजं बघायला मिळतात. वयस्कर माणसाला चढ-उताराचा त्रास सगळ्यात कमी इथेच. (डेकवरून कुरवांना वेफर्स टाकणारी मंडळी दिसतील. पोरांना त्यात सामील होऊ देऊ नका, पक्ष्यांच्या पोटात मीठ आणि तेल जातं.) घारापुरीही आहे, गेटवेहून तासभर, पण लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या आहेत आणि शनिवारी गर्दी असते. सोमवारी ती बंद असते हे तुमच्या कामाचं नाही, पण कोणाला सुट्टी जोडून घ्यायची असेल तर ठाऊक असावं.

कुठल्याही बोटीत पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा जास्त भरत असतील तर पुढची बोट घ्या. लाइफ जॅकेट आहेत का, यापेक्षा ती हाताशी आहेत का ते बघा. बाकाखाली गाठी मारून ठेवलेली जॅकेट नसल्यासारखीच. आणि तुम्ही बसताय तिथून उघड्या बाजूला जायची वाट मोकळी आहे का. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा समुद्र शांत होता आणि दिवस उजेडाचा होता. त्यानंतर प्रवासी बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. उकडतं म्हणून लोक काढून मांडीवर घेतात. तुम्ही घालून बसा, बघून मुलंही घालतील. सासूबाईंनी साडीवर घातलं तरी चालतं, फक्त पदर आतून खोचून घ्यायचा.

कयाकचं जॅकेट वेगळं असतं. ते किती जोराने तरंगवतं, त्याचा न्यूटनमध्ये आकडा त्यावर छापलेला असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं: हात मोकळे राहतात, पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. तुम्हाला आणि मुलांना १०० न्यूटनचं मागा, मानेमागे कॉलर असलेलं. सात वर्षांच्या मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून घ्यायचा पट्टा हवाच. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून त्याला वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगेल आणि मूल खालून निसटेल. मोठ्यांचंच जॅकेट घट्ट बांधून देतो म्हणणाऱ्याकडे लहान मापाचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथून परत फिरा.

तर धाकट्याला बसवावं का? वरचं जॅकेट मापात बसलं, कयाक दोघांचा असला आणि भांगाची संध्याकाळ असली, तर जरूर बसवा. वर बसायचाच कयाक घ्या, ज्यात पाय आत घालावे लागत नाहीत. उलटला तर माणूस नुसता बाजूला पडतो, आत अडकत नाही, आणि आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. दोन कयाक: एकात यजमान आणि धाकटा, दुसऱ्यात तुम्ही आणि मुलगी. मोठं माणूस मागे, मूल पुढे, कारण दिशा मागचाच ठरवतो आणि पुढचा सतत नजरेसमोर राहतो. तुम्हाला पोहता येत नाही, म्हणून तुमच्या कयाकच्या हाकेच्या अंतरावर प्रशिक्षक हवा. तो आपल्या वेगळ्या कयाकमध्ये असावा, काठावर खुर्चीत नव्हे.

वल्हं डोक्यावर आडवं धरून बघा, कोपर काटकोनात आले की हात योग्य अंतरावर आहेत. पात्याची लांब कड वर. निम्मे लोक ते उलटं धरतात आणि मग दंड दुखले म्हणून वल्ह्याला बोल लावतात. ताकद खांद्यातून नाही, कमरेतून वळून काढायची. मुलांनी तालात नाही मारलं तरी चालतं, मागच्याने त्यांच्याशी ताल जुळवावा, उलट अपेक्षा धरू नये.

आणि निघण्यापूर्वी छातीइतक्या पाण्यात एकदा मुद्दाम उलटा. ही गोष्ट मी कोणालाच माफ करत नाही. पडल्यावर पहिलं काम म्हणजे कयाक धरून ठेवणं, दुसरं वल्हं, तिसरं ओरडणं. कयाक सरळ करा, मधल्या भागाशी या, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा, पोट आडवं टाका, मग वळून बसा. आधी पाय खाली लोंबकळत ठेवून चढायला गेलात तर ते कयाकखाली जातात आणि तुम्ही पुन्हा मागे. मुलाला मागून जॅकेटच्या खांद्याला धरून ढकलायचं. एकदा मजेत उलटलेलं मूल खरोखर उलटलं तरी रडत नाही. स्वतःला किंवा मुलाला दोरीने कयाकशी बांधू मात्र नका.

कपड्यांत जीन्स नको, ओढणी नको, मंगळसूत्र आणि कानातलं घरी. पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा टी-शर्ट, दोरीची टोपी, मागे पट्टा असलेल्या सँडल. चष्म्याला दोरी. आपल्या पाण्यात गारठून आजारी पडण्यापेक्षा उन्हाने आणि तहानेने माणूस आधी खचतो, म्हणून प्रत्येक कयाकमध्ये पाण्याची बाटली बांधलेली असावी. बोटीत मळमळणाऱ्यांनी पोट रिकामं ठेवू नये, मधल्या भागात बसावं, मोबाइल न बघता क्षितिजाकडे बघावं. आलेपाकाची वडी माझ्या पिशवीत कायम असते. मुलांना उलटीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून.

कयाकवाल्याला फोन कराल तेव्हा किंमत शेवटी विचारा. आधी फक्त विचारा, “रविवारी किती वाजता येऊ?” तो “कधीही या, आपलं दिवसभर चालू असतं” म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. “थांबा, भरती बघून सांगतो” म्हणणाऱ्याशी पुढचं बोला. लहान मापाच्या जॅकेटचा फोटो मागवा, एका प्रशिक्षकामागे किती कयाक सोडतो ते विचारा, आणि मदतीला मोटरबोट आहे का तेही. मोटरबोट असेल तर तिला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. प्रत्येक जॅकेटला शिट्टी हवी. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात नाही, जॅकेटच्या आत. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि नेहमीचा ११२, हे सासूबाईंच्या फोनमध्येही भरून ठेवा. त्या काठावर असतील, आणि तुम्ही कधी परतणार हे त्यांना माहीत असेल. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने फोन करायचा, असं त्यांना आधीच सांगा. हे काम त्या चोख करतील.

आक्सा टाळा, तो किनारा बुडण्याच्या घटनांसाठी बदनाम आहे. मुंबई बंदराच्या आत, गेटवेच्या पुढ्यात, कयाक नको. तिथे मोठ्या जहाजांची वाट आहे, नौदलाची आणि तेलाच्या धक्क्यांची बंदी असलेली हद्द आहे. बनाना बोटीवर पोहता न येणाऱ्यांनी बसू नये, शेवटी गंमत म्हणून ती मुद्दाम उलटवतात.

राहिला हवा भरायचा कयाक. ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले कयाक तलावातल्या खेळण्यांपेक्षा फार वेगळे नसतात. वजन नगण्य आणि पाण्याबाहेर उंची जास्त, त्यामुळे वारा त्यांना पानासारखा उडवतो. सकाळच्या मतलई वाऱ्यात असा कयाक काठावरून सुटला तर वल्हवून परत आणणं चांगल्या माणसालाही जड जातं. त्यात खाडीत कालवं, खुंट, फुटक्या बाटल्या. एक छिद्र पडलं की कप्पा रिकामा. वर्षातून दोनदा जाणाऱ्या कुटुंबाला भाड्याचा कयाक, सोबत प्रशिक्षक आणि त्याची बोट, हेच स्वस्त पडतं. पैसे खर्चायचेच असतील तर धाकट्याच्या मापाचं १०० न्यूटनचं जॅकेट विकत घ्या, आणि मार्चपर्यंत दोघा मुलांना आणि स्वतःला पोहण्याच्या क्लासला घाला. जून ते सप्टेंबर समुद्रात जायचं नाहीच, तेवढ्या काळात तिघं पोहायला शिकाल. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला, ऑक्टोबर उजाडला, की पुन्हा विचारा. तेव्हा थोडं मोठं पाणी सुचवेन.